कराटेचा हात कोणाचा?

कराटेच्या क्लासमध्ये ही गोष्ट हमखास ऐकायला मिळते. 1609 मध्ये सात्सुमाच्या सामुराईंनी ओकिनावा जिंकलं, लोकांची शस्त्रं काढून घेतली, आणि मग गरीब शेतकऱ्यांनी हातालाच शस्त्र बनवलं. हाताच्या कडेचा वार म्हणजे शुतो, बोटांच्या टोकांचा नुकिते. हा दुसरा म्हणे चिलखत भेदण्यासाठी! माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या मसुद्यातही हे होतं. सरांनी समासात एवढंच लिहिलं: "एका तरी शेतकऱ्याचं नाव द्या."

नाव काही मिळालं नाही. मिळाली ती शुरी या राजधानीतल्या प्रतिष्ठित घराण्यांतली माणसं. मात्सुमुरा सोकोन राजाच्या पदरी होता, इतोसु आन्को दरबारी लेखनिक, फुनाकोशी गिचिन शाळामास्तर.

बरं, शस्त्रबंदीचं काय? ती 1609 च्याही आधीची, असं सांगणारे शुरीच्या राजवाड्यातल्या 1509 च्या कोरीव लेखाकडे बोट दाखवतात. त्यात तलवारी आणि धनुष्यबाण राज्याच्या रक्षणासाठी साठवले, असं म्हटलंय. इफा फुयू या अभ्यासकाने त्यातून निःशस्त्रीकरणाचा अर्थ काढला. पुढच्या इतिहासकारांनी तोच मजकूर शस्त्रसज्जतेचा म्हणून वाचला. लेख एकच, अर्थ थेट उलटे. म्हणून सांगतो, दुसऱ्याने काढलेला अर्थ उचलण्याआधी मूळ मजकूर बघाच.

हाताबद्दल सविस्तर बोलणारा माझा आवडता कागद म्हणजे इतोसुचं ऑक्टोबर 1908 चं पत्र. माकिवारा, म्हणजे पेंढा गुंडाळलेला खांब, त्यावर दोन्ही हातांनी रोज 100-200 ठोसे मारा, असं तो सांगतो. खांदे खाली, छाती मोकळी, पावलांनी जमीन घट्ट धरायची, जोर ओटीपोटात. कला चीनमधून आली, हेही तो सरळ मान्य करतो. शेतकरी नाही, चिलखत नाही. उलट नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन आहे! कारण पत्राचा रोख शिक्षण खात्याकडे आहे: शाळेतच मुलांची शरीरं घडवली तर पुढे सैन्याला उपयोग होईल.

आता घाई नको. 1908 च्या पत्रात शेतकरी नाही, म्हणून 1609 मध्ये तो नव्हताच, असं सिद्ध होत नाही. पण होता असं म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा, आणि तो माझ्याकडे नव्हता. वाक्य खोडलं. त्या जागी आता प्रश्न आहे: 1879 मध्ये राज्य बुडालं, दरबार उठला, मग त्या दरबारी माणसांचा ठोसा शाळेच्या कवायतीत कसा पोचला?