कीटकगणांची नावे
कीटकाच्या शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग असतात. वक्षावर पायांच्या तीन जोड्या व बहुधा पंखांच्या दोन जोड्या असतात. गणांची बरीच नावे या पंखांवरून, ग्रीक ‘टेरॉन’ म्हणजे पंख या शब्दापासून, पडली आहेत. भुंगेऱ्यांचा गण कोलिऑप्टेरा, म्हणजे म्यानपंखी : पुढचे कठीण पंख मागच्या पातळ पंखांवर म्यानासारखे बसतात. हे नाव ॲरिस्टॉटल यांच्या लेखनातही आढळते, इतके ते जुने आणि समर्पक आहे. फुलपाखरे व पतंग यांचा गण लेपिडॉप्टेरा, म्हणजे खवलेपंखी. फुलपाखरू धरल्यावर बोटांना लागणारी भुकटी म्हणजे हेच खवले. डिप्टेरा म्हणजे द्विपंखी; माशी, डास यांच्या मागच्या पंखांचे उडताना तोल राखणाऱ्या लहान अवयवांत रूपांतर झालेले असते. स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये कीटकांचे सात गण मानले. त्यांतील ॲप्टेरा या पंखहीन गणात त्यांनी कोळी आणि खेकडेही घातले. पंखांचा अभाव हा वर्गीकरणाचा भक्कम आधार नव्हे; तो गण पुढे मोडीत निघाला. कोळ्याला आठ पाय असतात, म्हणून तो कीटक नाही.