तळटीप : ‘तेत्सुवान आतोमु’
ओसामु तेझुका यांच्या, १९५२पासून ‘शोनेन’ मासिकात आलेल्या चित्रकथेवर आधारलेली ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी फुजी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचे ॲनिमेशन देणे तेव्हा अशक्यप्राय मानले जाई. तेझुकांच्या ‘मुशी प्रॉडक्शन’ने त्यासाठी चित्रांची संख्याच घटवली: एकच चित्र तीन फ्रेमपर्यंत धरून ठेवायचे, बोलताना फक्त ओठ हलवायचे, उड्डाणाची चित्रे जपून पुन्हा वापरायची. या काटकसरीला निव्वळ तडजोड म्हणणे अन्यायाचे आहे. स्थिर चौकट, ध्वनी आणि झपाट्याचे संकलन यांतून भावना उभी करण्याची ॲनिमेची रीत इथेच रुजली. आर्थिक बाजू मात्र कठोर होती. वाहिनीकडून मिळणारी रक्कम निर्मितीखर्चाला पुरत नसे. ही तूट पात्राच्या व्यापारी हक्कांतून आणि परदेशी विक्रीतून भरून काढावी लागे. प्रायोजक मेइजी कंपनीच्या चॉकलेटबरोबर मिळणारे आतोमुचे स्टिकर मुलांमध्ये विलक्षण लोकप्रिय झाले. त्याच वर्षी ही मालिका ‘ॲस्ट्रो बॉय’ नावाने अमेरिकेत पोहोचली. कमी मोबदला आणि हक्कविक्रीवरची भिस्त हा पायंडा या व्यवसायात पुढेही टिकला. चित्रकारांच्या तुटपुंज्या वेतनाचे मूळ अनेकदा यातच शोधले जाते, पण सारा दोष एकट्या तेझुकांच्या माथी मारता येत नाही. मुशी प्रॉडक्शनचे १९७३ मध्ये दिवाळे निघाले.