असिस्ट (बास्केटबॉल)

ज्या पासमुळे सहकाऱ्याला थेट बास्केट करता येते, त्या पासचे श्रेय म्हणजे असिस्ट. ते पास देणाऱ्या खेळाडूच्या नावावर नोंदले जाते. बास्केटआधीचा केवळ शेवटचा पास धरतात, म्हणून एका बास्केटमागे असिस्ट एकच. गुण आणि फाउल पंच देतात. असिस्ट मात्र मैदानाकडेच्या टेबलावर बसलेला नोंदकर्ता देतो. तक्त्यात हे आकडे शेजारी शेजारी छापले जातात, त्यामुळे ते सारखेच पक्के वाटतात. तसे ते नसतात.

पास मिळाल्यावर शॉट मारणाऱ्याने आणखी काही केले, की पेच पडतो. आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिबा’ने नोंदकर्त्यांसाठी तयार केलेल्या पुस्तिकेत यासाठी कसोट्या दिल्या आहेत. रिंगखालच्या रंगवलेल्या भागात, म्हणजे ‘पेंट’मध्ये, असलेल्या खेळाडूला पास मिळाला आणि त्याने तिथूनच बास्केट केली, तर असिस्ट द्यायचाच. पेंटबाहेर पास घेऊन ड्रिबल न करता बास्केट झाली, तरीही द्यायचा. बाहेर पास घेऊन ड्रिबल केला असेल, तर चेंडू किती वेळा आपटला हे महत्त्वाचे नाही. समोरच्या बचावपटूला चकवावे लागले का, हे पाहायचे. प्रतिहल्ल्यात एकटाच पुढे पळालेल्या खेळाडूला लांब पास मिळाला आणि त्याने तीन-चार ड्रिबल टाकून ले-अप केला, तर तो असिस्ट. पण कोपऱ्यात पास घेऊन, हुलकावणी देऊन, बचावपटूला मागे टाकत एकाच ड्रिबलमध्ये तोच ले-अप केला, तर असिस्ट नाही. ती कमाई शॉट मारणाऱ्याची. ही कसोटी उत्तम आहे, कारण बचाव नेमका कोणी फोडला, हाच प्रश्न ती विचारते.

फ्री थ्रोच्या बाबतीत मात्र दोन पद्धती आहेत. पास मिळालेल्या खेळाडूवर शॉट मारताना फाउल झाला आणि त्याने निदान एक फ्री थ्रो साधला, तर फिबाच्या नियमाने असिस्ट मिळतो. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये मिळत नाही. फिबाचा नियम अधिक न्याय्य आहे. पासने बचाव उघडा पडला, म्हणून तर बचावपटूला हात मारावा लागला. त्यात पास देणाऱ्याचे काम तसूभरही कमी झालेले नसते. या फरकामुळे दोन्हीकडचे असिस्टचे आकडे एका रांगेत मांडणे चुकीचे ठरते.

निर्णय माणसाचा असल्याने पक्षपाताला वाव राहतो. यजमान संघाचा नोंदकर्ता आपल्या खेळाडूंना सढळ हाताने असिस्ट देतो, ही जुनी तक्रार आहे. पाहुण्यांनाही असा लाभ झाल्याचे उदाहरण आहे : १९९७ मध्ये व्हँकुव्हर येथे लेकर्सचा निक व्हॅन एक्सेल याच्या नावावर २३ असिस्ट लागले, आणि त्यातले बरेच आपण मुद्दाम दिले, असे तिथल्या नोंदकर्त्याने पुढे सांगितले. जॉन स्टॉकटनचे कारकिर्दीतील १५,८०६ किंवा स्कॉट स्काइल्सचे ३० डिसेंबर १९९० च्या एका सामन्यातील ३० असिस्ट हे विक्रम मोठेच आहेत. पण त्यांची तुलना एनबीएच्या १९४६-४७ च्या पहिल्या हंगामाशी करू नये, कारण तेव्हा असिस्ट हात आखडून दिले जात. त्या हंगामात अर्नी कॅल्व्हर्लीने २०२ असिस्ट करून पहिला क्रमांक मिळवला होता, म्हणजे सामन्यामागे साडेतीनही नाहीत.

खेळाडू आकड्यासाठी खेळू लागला, तर नोंदीने त्याला साथ देता कामा नये. ५ मार्च २०२३ रोजी यानिस अँटेटोकुंपो याने वॉशिंग्टनविरुद्ध अखेरच्या क्षणी चेंडू जाणूनबुजून रिंगवर आपटून स्वतःच परत घेतला आणि तीन प्रकारांत दोन अंकी आकडा गाठण्यासाठी हवा असलेला दहावा रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर चेंडू ताब्यात घेतल्याची नोंद, मिळवला. गुण करण्याच्या हेतूने मारलेला नसेल तर तो शॉटच नव्हे, आणि शॉट नाही तर रिबाउंडही नाही, या न्यायाने एनबीएने दुसऱ्या दिवशी तो काढून टाकला. हे योग्यच झाले.

जे मोजलेच गेले नाही, त्याची भरपाई होत नाही. एनबीएत स्टील आणि ब्लॉक १९७३-७४ पासून, तर टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावणे, १९७७-७८ पासून नोंदले जाऊ लागले. ब्लॉक ही ज्याची ओळख, आणि ज्याने ११ अजिंक्यपदे जिंकली, तो बिल रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला. त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही. १९६१-६२ च्या हंगामात सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट करणाऱ्या ऑस्कर रॉबर्टसनने चेंडू किती वेळा गमावला, हेही कळत नाही. वास्तविक असिस्ट टर्नओव्हरशी जोडून वाचला, तरच पास देणाऱ्याची पारख होते.

असिस्टची सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. पास अचूक असूनही सहकाऱ्याचा शॉट चुकला, तर पास देणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. नेमबाज चांगले असलेल्या संघात असिस्ट वाढतात, नसलेल्या संघात तोच खेळाडू साधारण दिसतो. २०१३-१४ पासून एनबीएच्या प्रत्येक मैदानावर चेंडू आणि खेळाडूंचा माग ठेवणारे कॅमेरे आले. त्यानंतर शॉट लागो वा चुको, त्याआधीचा पास ‘संभाव्य असिस्ट’ म्हणून मोजता येऊ लागला. असिस्टच्या आधीचा पास आणि सहकाऱ्याला मोकळे करणारा स्क्रीन यांचीही आता वेगळी मोजदाद होते. पास देण्याचे कौशल्य जोखायचे, तर तक्त्यात असिस्टशेजारी संभाव्य असिस्टचा रकाना हवा.