‘चेक’ : शब्द एक, अर्थ अनेक

‘चेक’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात तो दिवसभर कानी पडतो. चौकड्यांच्या कापडाला आपण ‘चेक्स’ म्हणतो, बँकेत ‘चेक’ भरतो आणि कारखान्याच्या फाटकावर कामगाराची पिशवी ‘चेक’ होते. हे अर्थ एकाच शब्दात कसे नांदू लागले, याचा इतिहास बोधप्रद आहे.

त्याचे मूळ बुद्धिबळाच्या पटावर आहे. भारतातील चतुरंग इराणात गेले. तेथे राजाला ‘शाह’ म्हणत. राजावर हल्ला होताच खेळाडू ‘शाह’ असा इशारा देई. त्यावरूनच आपला ‘शह’ आला. आणि तोच शब्द अरबी, लॅटिन व जुनी फ्रेंच असा प्रवास करीत इंग्रजीत ‘चेक’ झाला. शह बसला की राजाची वाट अडते. म्हणून आळा घालणे आणि पुढे पडताळून पाहणे, हे अर्थ त्याला चिकटले. पटावरील घरांमुळे चौकडीच्या नक्षीलाही तेच नाव मिळाले.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजकोषाचा हिशेब सुमारे १० फूट लांब व ५ फूट रुंद मेजावर, रेघा आखलेले कापड अंथरून होई. बुद्धिबळाच्या पटाशी असलेल्या साम्यामुळे त्या कचेरीला ‘एक्सचेकर’ म्हणू लागले. तिच्या कामकाजाचे वर्णन खजिनदार रिचर्ड यांनी लिहून ठेवले. तेच पुढे, ११८९ मध्ये, लंडनचे बिशप झाले. ईस्टरला आणि सेंट मायकलच्या सणाला प्रांतोप्रांतीचे शेरीफ तेथे जमाखर्च देत. अठराव्या शतकात लबाडी पडताळण्यासाठी ठेवलेल्या स्थळप्रतीवरून बँकेच्या ‘चेक’लाही नाव लाभले.

यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शह राजाला दिला जातो, प्याद्याला नव्हे. त्या मेजासमोरही सत्ताधारी शेरीफच जाब देत असे. आज फाटकावर झडती मात्र कंत्राटी कामगाराची होते. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा, जादा तासांच्या मजुरीचा हिशेब ठेकेदाराकडून तितक्याच काटेकोरपणे घेतला जातो काय?

आपल्या कुटुंबांतही कुणी पर्यवेक्षक असेल, कुणी ठेकेदार. दुसऱ्याची पिशवी उघडणाऱ्याने आपली हिशेबाची वही आधी उघडावी. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी आपण सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करतो, तीत मजुराच्या घामाचा रकाना कोरा राहू नये.