वाँटेजच्या आजीबाई आणि पंडिता रमाबाई

परधर्मीयाशी होणारा वाद एका अर्थी सोपा असतो. दोघांमधील सीमारेषा आधीच आखलेली असते, आणि तिच्या पलीकडचा माणूस आपल्यासारखा विचार करील अशी अपेक्षाही कोणी ठेवीत नाही. परंतु एकाच प्रभूचे नाव घेणाऱ्या दोन माणसांत सिद्धांतावरून मतभेद झाला, की तो वर्मी लागतो. ज्याला आपला म्हटले, तोच आपल्या श्रद्धेच्या मुळाविषयी शंका घेतो याचे दुःख मोठे असते. अशा वेळी ख्रिस्ती प्रीती आणि शांती यांचा अर्थ काय समजावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला नेहमी इंग्लंडमधील वाँटेज या लहानशा गावातून झालेल्या एका पत्रव्यवहाराची आठवण होते. या पत्रव्यवहाराची नायिका आपल्याच भाषेची आहे.

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी हेही निवर्तले. पदरी मनोरमा ही लहान मुलगी. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे असा त्यांचा मानस होता. पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथे सेंट मेरी नावाचे अँग्लिकन भगिनीमंडळ होते. त्याची शाखा पुण्यास होती, आणि त्या ओळखीनेच रमाबाई तेथे राहिल्या. हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना त्या मराठी शिकवीत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. या एका मराठी शब्दात त्या नात्यातला ओलावा दिसून येतो.

पुढे १८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तेथे त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीतही. या काळात वादाला तोंड फुटले. आरंभ लहान गोष्टींवरून झाला. रमाबाई शाकाहारी होत्या. अंडे घातलेले पक्वान्नही त्यांना चालत नसे. भगिनींना त्यात जुन्या जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालण्याची गोष्ट निघाली, तेव्हा आपल्या संस्कृतापेक्षा लॅटिन अधिक पवित्र कशावरून, असा सवाल रमाबाईंनी केला. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे अशी सूचना आली असता मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी विरोध केला. हिंदुस्थानात पंडितांच्या भरसभेत व्याख्याने दिलेल्या या बाईंना तो विरोध मानवला नाही.

मग मूळ सिद्धांताचाच प्रश्न उभा राहिला. येशू ख्रिस्तावर आपली श्रद्धा आहे, असे रमाबाई निःसंदिग्धपणे सांगत होत्या. परंतु त्रैक्याचा सिद्धांत, कुमारीच्या पोटी ख्रिस्ताचा जन्म, आणि अथानासियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार त्यांच्या बुद्धीला पटेना. आपण ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत प्रवेश केला आहे. म्हणून इंग्लंडच्या धर्मपीठाचे प्रत्येक वचन आपल्यावर बंधनकारक होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १८८५ च्या एका पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिले, की मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरविल्यानंतर दुसरे तसलेच जोखड घेण्यास आपण तयार नाही.

या शब्दांमागची परिस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. परका देश, हाताशी लहान मूल. आणि ज्यांना हे लिहावयाचे, त्यांनीच आसरा दिलेला. उपकारकर्त्यापुढे मान तुकविणे किती सोपे झाले असते! तिकडे सिस्टर जेराल्डिनचीही अडचण खरी होती. धर्ममातेचे कर्तव्य त्यांनी मनापासून स्वीकारले होते. आपली धर्मकन्या सत्यापासून दूर जात आहे, असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटते त्यांनी गप्प कसे बसावे? त्यांनी रमाबाईंवर अहंकाराचा आणि अवज्ञेचा आरोप केला. तो रमाबाईंना झोंबला, आणि त्यांनीही उत्तरे काही मिळमिळीत दिली नाहीत. तेव्हा हा वाद गोड शब्दांत झाला, असे कोणी समजू नये.

तिसरी व्यक्ती होती चेल्टनहॅमच्या प्राचार्या मिस डोरोथिया बील. त्यांची श्रद्धा जेराल्डिनइतकीच सनातन होती, पण वागण्याची रीत निराळी होती. रमाबाईंची शंका त्यांनी बंड मानली नाही. ती एका अभ्यासकाची शंका मानली. ख्रिस्ती धर्माचा विचार या बाईला तत्त्वज्ञान म्हणून करू द्यावा. तो तिच्या विवेकबुद्धीला पटला पाहिजे, केवळ अधिकाराच्या जोरावर ती तो घेणार नाही, असे त्यांनी जेराल्डिनना लिहून कळविले. रमाबाईंच्या प्रश्नांना त्या पत्रांतून सविस्तर उत्तरे देत राहिल्या. स्वतःचे मत त्यांनी लपविले नाही आणि रमाबाईंचे मत एका दिवसात पालटावे असा हट्टही धरला नाही. मतभेदात प्रीती कशी राखावी याचा उत्तम धडा या विदुषीच्या पत्रांत मिळतो.

१८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. वादाचा निकाल लागला नव्हता. पण पुढे काय झाले ते पाहावे. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे यावरूनही या दोघींत खटके उडाले होते. तरी अमेरिकेतील भ्रमंतीत लहान मुलीला सांभाळणे कठीण झाले, तेव्हा रमाबाईंनी तिला वाँटेजलाच, त्याच आजीबाईंकडे पाठविले. आणि आजीबाईंनी तिला जवळ घेतले. त्रैक्याविषयी ज्यांचे एकमत होईना, त्यांना एकमेकींच्या हाती एक मूल निर्धास्तपणे देता-घेता आले. पोटचे मूल ज्याच्या हाती सोपवावे, त्याच्याविषयी मनात वैर उरलेले नसते.

रमाबाईंचा पुढील मार्ग त्यांचा त्यांनीच काढला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. नंतर ते पुण्यास गेले, आणि पुढे केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. १८९१ च्या सुमारास त्यांच्या धार्मिक जीवनाला नवे वळण लागले, आणि ज्या श्रद्धेबद्दल वाँटेजला वाद झाला होता तिच्या पुष्कळ जवळ त्या आल्या. मात्र त्या आपल्या पावलांनी आल्या, आणि कोणत्याही एका पंथाच्या कुंपणात शिरल्या नाहीत. केडगावचे कार्य त्यांनी पंथभेदापासून अलिप्त ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

आणि आजीबाई? त्यांनी ती सर्व पत्रे जपून ठेवली होती. १९१७ मध्ये त्यांनी ती संकलित केली. त्यांत त्यांना बोल लावणारी पत्रे आहेत, त्यांचा मुद्दा खोडून काढणारीही आहेत. आपल्या टिपणांतून त्यांनी नाराजी व्यक्त केली. पण रमाबाईंचे म्हणणे रमाबाईंच्याच शब्दांत राहू दिले. पुढे ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. रमाबाईंचा तेजस्वी विवेक आज आपल्याला समजतो तो बऱ्याच अंशी त्यांच्या प्रतिपक्षाने राखलेल्या कागदांमुळे.

सिद्धांताच्या बाबतीत शांती राखणे म्हणजे आपले मत गिळून टाकणे नव्हे. तसे रमाबाईंनी केले नाही, आणि जेराल्डिननीही केले नाही. जे सत्य वाटते ते सांगावे, दुसऱ्याच्या शंकेला मिस बीलप्रमाणे वेळ द्यावा, आणि उत्तर कितीही कडू आले तरी दार लावून घेऊ नये. त्या तीन स्त्रियांपैकी एकीलाही हे सर्वस्वी साधले, असे म्हणता येणार नाही. परंतु पत्र लिहिणे कोणी थांबविले नाही, आणि आलेले पत्र कोणी फाडून टाकले नाही. आपल्या घरांत, मंडळ्यांत आणि सभांत एवढे साधले, तरी पुष्कळ झाले.