पहिल्या पानाची घाई : लोखंडी नांगरापासून गूगलपर्यंत

सूसमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी लाकडी घाण्याच्या तेलाचा व्यवसाय सुरू केला. शेंगदाणा, करडई, खोबरं. वेबसाइटही करून घेतली. तीन महिन्यांनी त्यांनी मला लिफ्टपाशी गाठलं. "अगं, तुझी पीएचडी नेटवर्कवरच आहे ना? मग सांग, आमची साइट गूगलवर का दिसत नाही? पंधरा दिवसांत पहिलं पान म्हणाले होते. चाळीस हजार घेतलेत."

माझं संशोधन वायफायच्या नेटवर्कवर नाही. कोणता शोधनिबंध कोणाचा संदर्भ देतो, त्या जाळ्यावर आहे. पण गंमत बघा, काकूंच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्याच जाळ्यात आहे. फक्त त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

संदर्भांची मोजदाद

विज्ञानात एखादा निबंध किती महत्त्वाचा हे कसं ठरवायचं? १९५५ मध्ये युजीन गारफील्ड यांनी सुचवलं, की कोणत्या निबंधाचा संदर्भ पुढे कोणी कोणी दिला याची सूची करा. १९६० च्या दशकात ती सूची छापूनही आली. म्हणजे काय, तर मी स्वतःबद्दल काय म्हणते याला महत्त्व नाही, इतर लोक माझ्याकडे बोट दाखवतात का, हे बघायचं.

आता वेबकडे या. १९९५ मध्ये आलेल्या अल्टाव्हिस्टासारख्या सुरुवातीच्या शोधयंत्रांचा भर पानावरच्या शब्दांवर होता. लोकांनी लगेच पळवाट काढली. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहायचा. वाचकाला दिसत नाही, यंत्र मात्र फसतं. १९९८ मध्ये स्टॅनफर्डमधल्या सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज या दोन पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी संदर्भांची कल्पना वेबला लावली. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक संदर्भ, आणि वजनदार पानाने दिलेल्या लिंकला जास्त वजन. हेच गूगलचं मूळ. आज क्रम ठरवताना इतर असंख्य गोष्टी पाहिल्या जातात, पण हा पाया गेलेला नाही.

आता काकूंची साइट या जाळ्यात ठेवून बघा. नवीन साइट म्हणजे कोणीच संदर्भ न दिलेला निबंध. त्यात आणखी एक अडचण आहे. डेरेक प्राइस यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की ज्या निबंधाला आधीच संदर्भ आहेत, त्यालाच पुढचे संदर्भ मिळण्याची शक्यता जास्त असते. १९९९ मध्ये बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी वेबच्या बाबतीतही तसंच मांडलं. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच आणखी जातं. नव्याला पहिली पायरी चढायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. गूगलनेच २०१७ मध्ये सांगितलं होतं, की साइटमध्ये सुधारणा करून फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हेही गूगलच सांगतं. पंधरा दिवसांचं वचन तिथेच निकालात निघालं.

मग पैसे देऊन वर यायचं?

हा दुसरा रस्ता, आणि त्याचाही इतिहास आहे. १९९८ मध्येच बिल ग्रॉस यांच्या गोटू या शोधयंत्राने जागेचा उघड लिलाव मांडला. जो एका क्लिकला जास्त पैसे देईल, तो वर. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ३५० जाहिरातदारांना घेऊन स्वतःची जाहिरात सेवा सुरू केली. २००२ मध्ये तिनेही क्लिकमागे पैसे घेणारा लिलाव आणला, पण त्यात एक बदल केला. फक्त बोली बघायची नाही, लोक ती जाहिरात किती वेळा दाबतात हेही बघायचं. त्यामुळे छोट्या व्यावसायिकाची नेमकी जाहिरात मोठ्याच्या ढोबळ जाहिरातीच्या वर जाऊ शकते. हे काकूंच्या फायद्याचं आहे.

पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. जाहिरातीला पैसे दिले म्हणून खालच्या नेहमीच्या निकालांत तुमचा क्रमांक वर जात नाही. ती खाती वेगळी आहेत. आणि क्लिक म्हणजे विक्री नव्हे. मी काकूंना कागदावर हिशोब करून दाखवला. समजा एका क्लिकला २० रुपये पडतात आणि महिन्याला ६,००० रुपये घातले. क्लिक झाले ३००. शंभरातल्या दोघांनी तेल घेतलं, तर ऑर्डर सहा. म्हणजे एका नव्या गिऱ्हाइकामागे १,००० रुपये खर्च. एका डब्यावर दोनशे रुपये सुटत असतील, तर पहिल्या खरेदीत तोटाच. तेच गिऱ्हाईक सहाव्यांदा आलं, तेव्हा कुठे फायदा सुरू. हे आकडे मी धरलेले आहेत, तुमचे वेगळे येतील. पण जाहिरात सुरू करण्याआधी ही आकडेमोड स्वतःच्या वहीत करायलाच हवी.

ईबेने २०१२ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर तपासलं. स्वतःच्या नावाच्या शोधावरची जाहिरात बंद केली, तर जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून आलेच. मग अमेरिकेच्या काही भागांत इतर शब्दांवरच्या जाहिरातीही थांबवल्या. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या खरेदीत फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या लोकांत. म्हणजे जाहिरातीचं खरं काम ओळख करून देणं. विश्वास ती विकत घेऊन देत नाही.

दोन वर्षं, एक नांगर

ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी घडून गेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगर बनवला. नांगर उत्तम होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आधाराने किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. सुरुवातीला ते कारखान्याचं पत्र होतं. पुढे 'किर्लोस्कर' या नावाने ते मराठीतलं मोठं मासिक झालं, कारण लोकांना वाचायला उपयोगी पडेल असं त्यात असायचं. आज यालाच लोक कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि त्याचं पॅकेज विकतात.

काकूंना मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद करा, ती फुकट आहे. जवळपासच्या शोधात अंतरही बघितलं जातं. सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, बाणेर-पाषाण हाकेच्या अंतरावर, म्हणजे गिऱ्हाईक दारातच आहे. दोन, जाहिरात करायची तर थोडक्या पैशात, एक-दोन नेमक्या शब्दांवर, दोन महिने, आणि रोजचा हिशोब ठेवून. तीन, गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं, ते साइटवर लिहा. तळाशी गाळ का बसतो, तेल किती दिवस टिकतं, भाव जास्त का.

"म्हणजे चाळीस हजार गेले," काकू म्हणाल्या. गेले, हे मी लपवलं नाही.

त्यांनी गाळावरचं पान स्वतः लिहिलं, बोलतात तसंच. पहिल्या पानावर त्या अजून नाहीत. मागच्या आठवड्यात महाळुंग्याहून एकांचा फोन आला. गाळाचं वाचलं, म्हणाले, आणि दोन लिटर शेंगदाणा मागवला. काकूंनी वहीत लिहिलं : जाहिरात खर्च शून्य.