चार आण्यांचा सभासद

जानेवारी १९३९ चा तिसरा आठवडा. वर्ध्याच्या बाजारात कापसाच्या बंड्या रांगेनं उभ्या आहेत, जू उतरवलेले बैल कडबा खाताहेत आणि जिनिंगमधून उडालेला रेशा तुमच्या भुवयांवर बसतो आहे. तुम्ही तिथं मुनीमजींच्या हाताखाली वजनाच्या चिठ्ठ्या लिहिता. अंगात खादीचा सदरा, खिशात काँग्रेसच्या सभासदत्वाची चार आण्यांची पावती. दुपारच्या सुट्टीत भाकरी बांधलेलीच राहते. तुम्ही स्टेशनकडे पळता, कारण मुंबईचे आणि नागपूरचे पेपर आधी तिथंच उतरतात.

आज पेपरात मोठी बातमी आहे. मौलाना आझादांनी प्रकृतीच्या कारणानं नाव मागं घेतलं आणि डॉ. पट्टाभि सीतारामय्यांचं नाव पुढं केलं. सुभाषबाबू मात्र उभेच आहेत. म्हणजे यंदा राष्ट्रपतिपदासाठी खरोखरची लढत होणार! देशाला अजून स्वतःचं सरकार नाही, पण काँग्रेसच्या अध्यक्षाला सगळा मुलूख राष्ट्रपतीच म्हणतो, आणि तुमच्या लेखी या पदाहून मोठं पद हिंदुस्थानात दुसरं नाही. आजवर हे नाव बहुधा वडीलधाऱ्यांच्या विचारविनिमयातूनच ठरत आलं. सुभाषबाबूंचं म्हणणं असं की अध्यक्ष कार्यक्रमावर निवडला जावा, लोकांपुढं मतं मांडून निवडला जावा. तुम्ही स्टेशनच्या बाकावर बसून ते निवेदन दोनदा वाचता.

तुमचा उमेदवार ठरलेला आहे. गेल्या वर्षी हरिपुऱ्याला ते अध्यक्ष झाले, त्यानंतर कार्यकारिणीच्या बैठकीसाठी वर्ध्याला आले तेव्हा बजाजवाडीच्या फाटकाशी झालेल्या गर्दीत तुम्ही होतात. गोल चेहरा, चष्मा, पांढरी टोपी. एवढंच दिसलं. पण तुम्ही चेहऱ्यावर भाळलेले नाही. सप्टेंबरात म्युनिकचा करार झाला तेव्हापासून युरोपातलं युद्ध आज ना उद्या पेटणार हे शाळकरी पोरालाही कळतं आहे. १९३५ च्या कायद्यातली संघराज्याची योजना इंग्रज आपल्या गळ्यात मारू पाहतो आहे, आणि काँग्रेसची मंत्रिमंडळं प्रांताप्रांतांत खुर्च्यांवर बसली आहेत. अशा वेळी तडजोड नको, सरकारला मुदत द्या आणि मुदत संपली की लढा सुरू करा, हे सांगणारा माणूस तुम्हाला हवा आहे. शिवाय त्यांनी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, देशात मोठे कारखाने उभे राहिले पाहिजेत असं ते म्हणतात. बारा तास रेशात राबून खोकणाऱ्या रेजा तुम्ही रोज पाहता. त्यांच्या दैन्यावर फक्त चरख्यानं उतारा पडेल असं तुम्हाला वाटत नाही.

आणि राहता कुठं? तर वर्ध्यात! गावातच मगनवाडी आहे. तिथं कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी फिरते, हातकागद बनतो, खेड्यांच्या उद्योगांचा अभ्यास चालतो. पवनारला विनोबा आहेत. शेगावचा रस्ता पाच मैलांचा. तिथं १९३६ पासून बापू राहतात. दिल्लीचे, मद्रासचे, बंगालचे पुढारी याच जंक्शनवर उतरतात आणि टांग्यानं, मोटारीनं त्या मातीच्या झोपडीकडं जातात. इथल्या पोराठोरांच्या तोंडीसुद्धा ‘बापू काय म्हणतात’ हाच पहिला प्रश्न. या गावात सुभाषबाबूंचा माणूस असणं म्हणजे घरातल्या आजोबांसमोर ताठ उभं राहणं आहे. त्यांच्यावर राग नसतो, म्हणून तर ते अधिक जड जातं.

मात्र तुमच्या चार आण्यांना या निवडणुकीत मत नाही. मत आहे ते प्रतिनिधींना. तेव्हा प्रचार करायचा तो प्रतिनिधीकडं, आणि तुमच्या ओळखीचे प्रतिनिधी म्हणजे गुरुजी. १९३० च्या जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेले, सुटल्यावर नोकरी गेली, आता पोरांच्या शिकवण्या घेतात. संध्याकाळी तुम्ही त्यांच्या ओसरीवर जाता. काकू गरम हुरडा आणि तिळाची चटणी पुढं ठेवतात.

‘‘काय म्हनतात तुहे सुभाषबाबू?’’ गुरुजी विचारतात.

तुम्ही संघराज्यापासून सुरुवात करता. गुरुजी ऐकून घेतात. मग ते हळूच खऱ्या दुखण्यावर बोट ठेवतात. ‘‘आन् खरे डॉक्टरांचं काय झालं, ते इसरला काय?’’

हे दुखणं नागपूर-वर्ध्याच्या मराठी माणसाला जुलै १९३८ पासून आहे. मध्यप्रांताचे मुख्यमंत्री डॉ. नारायण भास्कर खरे यांना पायउतार व्हावं लागलं, रविशंकर शुक्लांकडं कारभार गेला, आणि हा सगळा फैसला याच वर्ध्यात झाला. महाकोशलच्या हिंदी पुढाऱ्यांनी मराठी प्रांताला गिळलं, असं नागपूरच्या ओसऱ्यांवर अजून बोललं जातं. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूच होते; खरे यांच्याविरुद्धच्या निर्णयाच्या बाजूनं ते उभे राहिले. म्हणजे ज्यांना वर्ध्याच्या श्रेष्ठींचा राग आहे त्यांनी सुभाषबाबूंना मत द्यावं, तर हेही त्या फैसल्यात होतेच.

तुम्ही हे नाकारत नाही. नाकारलंत तर गुरुजी उठून आत जातील. तुम्ही म्हणता, ‘‘झालं ते वाईटच झालं जी. पन खऱ्यांचा हिशेब पट्टाभींना मत देऊन चुकता होते काय?’’ गुरुजी हसतात. पट्टाभींबद्दल वाकडं बोलू नका, हे बरं. मच्छलीपट्टणचा हा डॉक्टर साधा नाही. त्यांनी आंध्रा बँक उभी केली, काँग्रेसचा इतिहास लिहिला, संस्थानी प्रजेच्या चळवळीत ते आहेत. आपला उमेदवार मोठा करण्यासाठी समोरचा लहान करावा लागत नाही, आणि गुरुजींसारख्या माणसापुढं तर ती चाल उलटतेच.

२५ तारखेला पेपर येतो तेव्हा स्टेशनवर कुजबुज आहे. कार्यकारिणीतल्या सात जणांनी पत्रक काढलंय: वल्लभभाई, राजेंद्रबाबू, कृपलानी, जयरामदास दौलतराम, भुलाभाई देसाई. आणि आपले दोघं, शंकरराव देव आणि जमनालालजी. सुभाषबाबूंनी फेरविचार करावा, पट्टाभींची निवड बिनविरोध होऊ द्यावी, असा मजकूर. जमनालालजींचं नाव वाचून तुमचा घास अडतो. १९२८ मध्ये लक्ष्मीनारायणाचं मंदिर हरिजनांना खुलं करणारा हा माणूस. त्यांच्या सहीविरुद्ध गावात तोंड उघडायचं?

सुभाषबाबूंचं उत्तर लगेच छापून येतं. दोन सहकारी उभे असताना कार्यकारिणीच्या सभासदांनी संघटितपणे एकाची बाजू घ्यावी हे बरोबर नाही, असं ते म्हणतात. तुम्हाला ते पटतं. मला विचाराल तर आजही पटतं. मतदाराला मोकळं सोडायचं तर पुढाऱ्यांनी आपापलं मत एकेकट्यानं सांगावं. सातांनी मिळून सांगितलं की तो हुकूम होतो.

पण या सगळ्यात एक आवाज नाही. बापू शेगावला नाहीत, गुजरातेत बारडोलीला आहेत, आणि त्यांचं एक अक्षर छापून आलेलं नाही. गुरुजी रोज पेपर उलटून तेच शोधतात. २६ जानेवारीला सकाळी झेंड्याखाली स्वातंत्र्याची प्रतिज्ञा म्हणून झाल्यावर ते तुम्हाला बाजूला घेतात. ‘‘बापूजीनं काही सांगतलं नाही. म्हंजे आपल्या बुद्धीनं मत द्या, असाच त्याचा अर्थ. नाही का?’’

तुम्ही ‘हो’ म्हणता. मनापासून म्हणता.

२९ जानेवारी, रविवार. गुरुजी मत देऊन येतात. ओसरीवर बसून पाय धुतात आणि तुमच्याकडं पाहून फक्त ‘‘सुभाष’’ एवढंच म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून तारा येऊ लागतात. गुजरात आणि आंध्र पट्टाभींकडं, बंगाल सुभाषबाबूंकडं, संयुक्त प्रांत आणि पंजाबही सुभाषबाबूंकडं. शेवटचा आकडा तुम्ही जिनिंगच्या भिंतीवर कोळशानं लिहिता: १५८० आणि १३७७. दोनशे तीन मतांनी! हमाल विचारतात काय झालं, तर तुम्ही त्यांना गूळ वाटता. देशातले सगळे मोठे पुढारी एका बाजूला असताना साध्या प्रतिनिधींनी निवडणूक फिरवली, हे त्यांना समजावून सांगताना तुमचा घसा बसतो.

हा आनंद किती टिकतो? ३१ तारखेला बारडोलीहून बापूंचं निवेदन निघतं, आणि ते वर्ध्यात पोहोचेपर्यंत. आपण सुरुवातीपासून सुभाषबाबूंच्या फेरनिवडीच्या विरुद्ध होतो, पट्टाभींनी नाव मागं घेऊ नये म्हणून आपण कारणीभूत झालो, म्हणून ही हार पट्टाभींपेक्षा आपली अधिक आहे, असं बापू लिहितात. सुभाषबाबू देशाचे शत्रू नाहीत, त्यांनी देशासाठी सोसलं आहे, असंही त्याच निवेदनात आहे; पण ते कुणी वाचत नाही.

गुरुजी पेपर घडी घालून मांडीवर ठेवतात. ‘‘मले आधी माहीत असतं,’’ ते म्हणतात, ‘‘तर मी बापूजीच्या इरुद्ध मत देलं असतं काय रे?’’

याला उत्तर काय द्यायचं? तुम्ही म्हणता, मत पट्टाभींविरुद्ध होतं, बापूंविरुद्ध नव्हतं. ते मान हलवतात. आणि मला वाटतं, १९३९ च्या त्या सगळ्या प्रकरणाचं मर्म पुढं त्रिपुरीला भरलेल्या अधिवेशनाच्या मंडपापेक्षा अशा ओसऱ्यांवर होतं. हजारो प्रतिनिधींनी कार्यक्रम पाहून मत दिलं. मत पडल्यावर त्यांना कळलं की प्रश्न निष्ठेचा होता. बापूंना सुभाषबाबू नको होते तर ते म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. मतदानाआधी म्हणायला हवं होतं. गुरुजींनी मग पट्टाभींना मत दिलं असतं, तुम्ही हरला असतात, आणि ती हार सरळ असती.

१५ फेब्रुवारीला सुभाषबाबू वर्ध्याला येतात. शेगावच्या रस्त्यावर तुम्ही कामावर खाडा करून उभे राहता. मोटार धूळ उडवत जाते. आत काय बोलणं झालं ते बाहेर येत नाही, पण समेट झाला नाही हे आठवडाभरात कळतं. २२ फेब्रुवारीला कार्यकारिणीची बैठक वर्ध्यातच आहे, आणि सुभाषबाबू तापानं कलकत्त्यात पडून आहेत. बैठक पुढं ढकला अशी त्यांची तार येते. त्या दिवशी कार्यकारिणीच्या बारा सभासदांचे राजीनामे पडतात. जवाहरलालजी वेगळं निवेदन काढून बाजूला होतात. तुमच्या गावात, तुम्ही पावती फाडलेल्या पक्षात, निवडून आलेला राष्ट्रपती आता कार्यकारिणीवाचून उरला आहे. त्या रात्री तुम्ही घरी जेवत नाही.

मार्चमध्ये गुरुजी काँग्रेसच्या अधिवेशनासाठी जबलपूरजवळ त्रिपुरीला निघतात. तुम्ही त्यांची वळकटी स्टेशनपर्यंत नेता आणि फलाटावर शेवटचा प्रचार करता: ‘‘निवडून देलं तं आता पाठीशी राहा जी.’’ तिथं बावन्न हत्तींच्या मिरवणुकीत राष्ट्रपती नसतात, ते तापानं फणफणलेले असतात आणि स्ट्रेचरवरून मंडपात आणले जातात. बापू राजकोटला आहेत. गोविंद वल्लभ पंतांचा ठराव येतो: अध्यक्षांनी नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. ठराव मंजूर होतो. जानेवारीत सुभाषबाबूंना मत दिलेल्या कितीतरी हातांनी त्याला संमती दिलेली असते, आणि त्यांत गुरुजींचाही हात आहे. परतल्यावर ते हे स्वतः येऊन सांगतात, तुमच्या दारात उभे राहून. तुम्ही त्यांना आत बोलावता, आई चहा टाकते.

२९ एप्रिलला कलकत्त्यात सुभाषबाबू राजीनामा देतात, राजेंद्रबाबू अध्यक्ष होतात, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला फॉरवर्ड ब्लॉक उभा राहतो. गुरुजी विचारतात, चार आण्यांची पावती परत करणार काय? तुम्ही म्हणता, नाही. ती तुमची आहे. पुढच्या जूनमध्ये, १९४० साली, फॉरवर्ड ब्लॉकचं अधिवेशन नागपूरला भरतं, आणि तिकिटाचे पैसे कमी पडतात तेव्हा उरलेले गुरुजी देतात. ‘‘जाय,’’ ते म्हणतात. ‘‘आन् काय म्हनले ते नीट ऐकून ये. मले सगळं सांगजो.’’